बारा पॉवरला खोटा, आठ पॉवरला खरा : पॉइंट टू टू साठी घेतलेल्या बीडीसी स्कोपचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, पॉइंट टू टू (.२२) रायफलवर बसवलेला हा स्कोप, म्हणजे नेम धरायची काच, चांगला आहे. बीडीसी म्हणजे लांबवर गोळी जेवढी खाली पडते तेवढं भरून काढायला क्रॉसच्या खाली दिलेले ठिपके. माझं भांडण आहे ते त्याच्या डब्यावर छापलेल्या एका ओळीशी. तिथे लिहिलंय की ५० ला झिरो करा (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर क्रॉसवर लागेल असा स्कोप जुळवा) आणि खालचे ठिपके वापरून १५० पर्यंत बिनधास्त मारा. आता यातलं ५० कशाचे, गोळी कोणती, आणि पॉवर (किती पट मोठं दिसतं ते) किती ठेवायची, यातलं काहीच डब्यावर नाही. आत जी पातळ घडीची पत्रिका आहे तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं आहे, पण ती कोण वाचतं, मी तरी नाही वाचली, आणि म्हणूनच हा रिव्ह्यू एवढा लांब झालाय.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण असे स्कोप पाच-सात कंपन्या विकतात, आणि जे मला भोगावं लागलं ते जवळपास सगळ्यांच्या बाबतीत होणार आहे. वस्तू अशी आहे : ३ ते १२ पॉवर, पुढची काच ४० मिलिमीटर, पुढच्या रिंगवर पॅरलॅक्स (डोकं हललं की क्रॉस टार्गेटवरून सरकतो तो दोष) १० पासून ॲडजस्ट होतं, पाव एमओएचे क्लिक (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), आणि रेटिकलमध्ये, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या खुणांमध्ये, क्रॉसच्या खाली चार ठिपके, ७५, १००, १२५ आणि १५० चे. रेटिकल सेकंड फोकल प्लेनमधलं आहे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्यातच आहे.

मी घेतला तो सिल्युएटसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पॉइंट टू टू च्या सिल्युएटमध्ये लोखंडी पत्र्याची छोटी जनावरं ओळीने उभी असतात, ४० मीटरवर कोंबडी, ६० ला डुक्कर, ७७ ला टर्की आणि १०० ला मेंढा, आणि हे सगळं उभं राहून, टेकू न घेता मारायचं असतं. जनावर नुसतं लागून चालत नाही, पडलं पाहिजे. म्हणजे एकाच रायफलने एका दिवसात चार अंतरं. काही लोक प्रत्येक अंतराला टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची चकती) फिरवतात, आणि खरं सांगायचं तर नेमबाजीच्या हिशोबाने तेच जास्त बिनचूक आहे, पण मी विसरभोळा माणूस, मेंढ्यांसाठी ३३ क्लिक वर गेलो आणि परत कोंबडीला आलो तेव्हा टरेट तसाच, पाचही गोळ्या कोंबडीच्या डोक्यावरून. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा व्हायच्या आधी म्हटलं ठिपकेवाला स्कोप घेऊ, झिरो एकदा करायचा आणि टरेटवर टोपी घालून विसरून जायचं.

आता झिरो कितीला करायचा हा प्रश्न. यावर जितकी डोकी तितकी मतं. मी तिन्ही करून पाहिले, २५, ५० आणि १००, एकच रायफल, एकच काडतूस. काडतूस ४० ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड व्हेलॉसिटी, डब्यावर सेकंदाला १०७० फूट म्हणजे साधारण ३२६ मीटर, आणि माझ्या नळीतून क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सरासरी त्याच्या आसपासच येते. स्कोपच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत उंची बरोबर ४ सेंटीमीटर. ही उंची मोजणं लोक विसरतात, आणि मग गोळी कुठे किती पडेल ते काढणाऱ्या ॲपमध्ये आकडे भरताना जे आधीच भरलेलं असतं तेच ठेवून देतात. पट्टी घ्या आणि मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

२५ ला झिरो केला की दिसायला फार सुंदर दिसतं, एका भोकात पाच गोळ्या, फोटो काढावासा वाटतो. पण नीट विचार केला तर या झिरोला गोळी नजरेच्या रेषेला खालून येऊन नुसती शिवते, २५ ते ३० मीटरच्या मध्ये कुठेतरी, आणि परत खाली जाते. वर अशी ती कधी जातच नाही. त्यामुळे ५० ला साधारण अडीच सेंटीमीटर खाली, ७५ ला जवळपास १२, आणि १०० ला २८ च्या पुढे. आणि हो, '२५ ला झिरो केला की ५० ला आपोआप बसतो' हे जे रेंजवर दर दुसरा माणूस सांगतो ना, ते या रायफलला लागू होत नाही. मोठ्या कॅलिबरच्या रायफलींचं गणित कुणीतरी उचलून पॉइंट टू टू ला चिकटवलंय. शिवाय २५ ला एक क्लिक म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षाही कमी, गोळीचं भोकच साडेपाच-सहा मिलिमीटरचं, त्यामुळे तिथे आपण एक-दोन क्लिक इकडे की तिकडे हे डोळ्यांना कळतच नाही, आणि तीच चूक १०० ला चौपट होऊन समोर येते. २५ मीटर वापरायचे ते नवा स्कोप लावल्यावर पहिल्या पाच गोळ्या कागदावर तरी आणायला, बस.

१०० ला झिरो करायचा मोह मलाही झाला, कारण मेंढाच सगळ्यात जास्त छळतो. पण मग ५० ला गोळी १२ सेंटीमीटर वर आणि २५ ला ७ वर. म्हणजे कोंबडी मारायची तर तिच्या पायांच्याही खाली, हवेत नेम धरायचा. खाली धरून मारणं हे डोक्याला पटत नाही, घाई झाली की बोट आपोआप मधोमध नेम असतानाच ट्रिगर दाबतं. ज्याला फक्त १०० च्या कागदावर ग्रुप (एकत्र लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) मारायचे आहेत त्याने खुशाल १०० ला करावा, बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

५० ला झिरो केला की गोळी साधारण १६ मीटरवर पहिल्यांदा रेषा ओलांडून वर जाते, ३०-३५ च्या आसपास सगळ्यात वर असते तेव्हाही दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, आणि ५० ला परत रेषेवर येते. म्हणजे १५ पासून ५५ पर्यंत कुठेही मधोमध धरा, चूक दीड सेंटीमीटरच्या आत. एवढी चूक उभं राहून मारताना माझ्या हाताच्या थरथरीत विरघळून जाते. ६० ला अडीच खाली, ७५ ला ८ खाली, १०० ला २४ खाली. सगळं होल्ड, म्हणजे नेम सरकवून धरणं, एकाच दिशेला, वर. खाली धरायचा प्रश्नच नाही. ऑलिम्पिकची पॉइंट टू टू रायफलची नेमबाजीही ५० मीटरचीच असते, त्यामुळे बऱ्याच रेंजवर या अंतराची नीट मोजलेली लाईन आयती मिळते. माझं मत ५० मीटरला पक्कं झालं ते इथे, आणि स्कोपच्या डब्यावरही ५० च लिहिलेलं, त्यामुळे मी खूश.

खुशी टिकली पहिल्या १०० मीटरपर्यंत.

बेंचवर बसलो, पुढे बॅग, मागे बॅग, वारा जवळजवळ बंद. ५० ला झिरो तपासला, पाच गोळ्या दोन सेंटीमीटरमध्ये, मधोमध. मग १०० चा कागद. पॉवर पूर्ण बारावर, कारण १०० ला छोटं दिसतं म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवलेली. १०० चा ठिपका काळ्याच्या मधोमध ठेवला आणि निवांत पाच मारल्या. दुर्बिणीतून बघतो तर काळ्यात काहीच नाही. पाचच्या पाच खाली, पांढऱ्यावर, छान एकत्र, आणि मध्यापासून ८ सेंटीमीटर खाली. पहिल्यांदा वाटलं स्कोप हलला. ५० ला परत गेलो तर तिथे मधोमध. परत १००, परत ८ खाली. ७५ चा ठिपका ७५ ला, तो ३ सेंटीमीटर खाली. म्हणजे स्कोप हललेला नाही, ठिपकेच दुसऱ्या कुणाच्या तरी रायफलसाठी आहेत.

तेव्हा कुठे ती पत्रिका वाचली. दोन गोष्टी निघाल्या. एक, सगळे आकडे यार्डात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. पॉइंट टू टू ला हे साडेआठ मीटर म्हणजे थट्टा नाही, माझी गोळी तेवढ्यात सहा-सात सेंटीमीटर आणखी पडते, कारण तिथपर्यंत पोचताना तिचा वेग सेकंदाला २८० मीटरच्या खाली आलेला असतो आणि दर मीटरला पडणं वाढतच जातं. दुसरी गोष्ट, ठिपके हाय व्हेलॉसिटी काडतुसासाठी, ४० ग्रेन, सेकंदाला १२३५ फूट, म्हणजे ३७६ मीटर. माझं काडतूस त्याच्यापेक्षा ५० मीटर हळू. आणि तिसरी ओळ होती, ती मी तेव्हाही नीट वाचली नाही : ठिपके फक्त सर्वात जास्त पॉवरला बरोबर.

विकणाऱ्याला विचारलं. त्याचं उत्तर एका वाक्याचं, की हाय व्हेलॉसिटी वापरा. आता वापरू शकलो असतो, पण माझ्या रायफलला ते काडतूस आवडत नाही, ५० ला ग्रुप जवळपास दुप्पट होतो. आणि त्यात एक मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. ती गोळी नळीतून निघते आवाजापेक्षा जास्त वेगाने, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, आणि ५० मीटरच्या आतच ती त्या वेगाच्या खाली येते. या भागात हवेचा अडथळा फार असतो, त्यामुळे वेगवान असूनही आडव्या वाऱ्यात हाय व्हेलॉसिटी गोळी १०० ला स्टँडर्डपेक्षा जास्त सरकते. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा धरला तर स्टँडर्ड ९ सेंटीमीटरच्या आसपास आणि हाय व्हेलॉसिटी साडेदहा. म्हणजे ठिपक्यांसाठी काडतूस बदलायचं, त्यात ग्रुप घालवायचा, आणि वर वाऱ्याचा मारही जास्त खायचा. टोपीच्या मापाने डोकं कापण्यासारखं झालं.

मी तर परत करायच्या बेतात होतो. रेंजवर एक काका आहेत, वय सत्तरच्या पुढे, बोलतात कमी आणि बोलले की बहुतेक टोमणाच असतो. त्यांना सगळं सांगितलं, कागद दाखवला. ते म्हणाले, "पॉवर किती ठेवली होतीस?"

"बारा, काका. शंभरला अजून काय ठेवणार?"

"आणि तुला ठिपका कुठे हवाय, वर का खाली?"

"खाली. आठ सेंटीमीटर अजून खाली."

"मग कमी कर ना पॉवर." एवढं बोलून ते आपल्या लेनला गेले.

मला समजायला पाच मिनिटं लागली. सेकंड फोकल प्लेनमध्ये काय होतं, पॉवर फिरवली की समोरचं चित्र लहान-मोठं होतं पण रेटिकल तेवढंच दिसतं. म्हणजे बारा पॉवरला क्रॉसपासून ठिपक्यापर्यंत जेवढं अंतर टार्गेटवर पडतं, सहा पॉवरला त्याच्या दुप्पट पडतं, कारण चित्र अर्धं झालं आणि ठिपका डोळ्याला तिथेच राहिला. ज्याला लोक सेकंड फोकल प्लेनचा दोष म्हणतात, की ठिपके एकाच पॉवरला खरे, तोच दोष उलटा वापरायचा. ती पॉवर कंपनीने सांगितलेलीच असली पाहिजे असं कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी एक लांब पुठ्ठा नेला. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपच्या आडव्या पट्ट्या, दर ४ सेंटीमीटरवर एक, सगळ्यात वरची शून्य धरून मोजत, आणि सगळ्यात वरच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना मोठे चौकोन म्हणजे चुकायला नको. पुठ्ठा १०० मीटरवर उभा केला, मेझर टेपने मोजून, पावलांनी नाही. रायफल बॅगवर, बोल्ट काढून बाजूला, गोळी एकही नाही. क्रॉस वरच्या पट्टीवर ठेवला आणि बघितलं १०० चा ठिपका कुठे येतो. बारा पॉवरला चौथ्या पट्टीच्या किंचित वर, म्हणजे जवळपास १६ सेंटीमीटर. मला हवेत २४. मग डोळा न हलवता रिंग हळूहळू कमी करत गेलो, पट्ट्या एकमेकींच्या जवळ येत गेल्या आणि ठिपका त्यांच्यावरून खाली घसरत गेला, पाचवी, आणि मग सहावी. सहावीवर बसला तेव्हा रिंग बघितली, ८ च्या आकड्यावर. १६ ला दीडपट करा, २४. बाराला आठने भागा, दीड. शाळेतलं त्रैराशिक. एवढ्यासाठी मी स्कोप परत करणार होतो.

खरी परीक्षा बाकीच्या ठिपक्यांची होती, कारण एक ठिपका जुळवणं सोपं, सगळे एकाच पॉवरला जुळले तर खरं. आठ पॉवर, ७५ चा ठिपका, ७५ मीटर : ग्रुप मधापासून अर्धा सेंटीमीटरसुद्धा खाली नाही. १०० : मधोमध, ग्रुप ५ सेंटीमीटरचा. १२५ ला आमच्याकडे लाईन नाही, ते ॲपवर ताडून बघितलं, तिथेही हिशोब सेंटीमीटरभरात बसतो. म्हणजे यार्डातले, वेगवान गोळीचे ठिपके माझ्या हळू गोळीला मीटरमध्ये चपखल बसले. हा काही योगायोग नाही, गोळीच्या पडण्याच्या वक्राचा आकार साधारण सारखाच असतो, फक्त ताणलेला, आणि पॉवर कमी करून आपण रेटिकलही तेवढंच ताणतो. पण फार ताणू नका, ४-५ पॉवरवर नेऊन जुळवायची वेळ आली तर मधले ठिपके हुकायला लागतील.

तर माझं कार्ड आता असं आहे, स्टॉकवर पारदर्शक टेपखाली चिकटवलेलं. कोंबडी : क्रॉस, मधोमध, गोळी सेंटीमीटरभर वर लागते तिकडे दुर्लक्ष. डुक्कर : क्रॉस पाठीच्या रेषेजवळ, कारण अडीच सेंटीमीटर पडते. टर्की : ७५ चा ठिपका, पण ७७ ला ९ पडते आणि ठिपका ८ देतो म्हणून मधापेक्षा बोटभर वर. मेंढा : १०० चा ठिपका, मधोमध. चार ओळी. ज्यांना क्लिकच करायचे आहेत त्यांच्यासाठी माझे आकडे, ५० वरून ६० ला ५ की ६ क्लिक, ७७ ला १६, १०० ला ३३. पण हे माझ्या रायफलचे, माझ्या काडतुसाचे, माझ्या रिंगांच्या उंचीचे. तुमची रिंग एक सेंटीमीटर उंच असेल तर १०० चा आकडा सेंटीमीटरभर बदलेल. कुणाचं कार्ड जसंच्या तसं उतरवू नका, माझंही नाही, पुठ्ठा लावा आणि स्वतः बघा.

काडतुसाबद्दल अजून एक, कारण लोक ठिपक्यांना शिव्या देतात आणि दोष डब्यातल्या गोळ्यांचा असतो. स्वस्तातल्या काडतुसात एका गोळीपासून दुसऱ्या गोळीचा वेग सहज १२ मीटरने इकडे-तिकडे होतो. ५० ला त्याने जेमतेम एक सेंटीमीटरचा फरक पडतो, दिसतही नाही. १०० ला तोच साडेतीन सेंटीमीटर उभा. मग माणूस म्हणतो ठिपका कधी जुळतो कधी नाही. ग्रुप उभट होतोय का बघा, उभट असेल तर स्कोपला हात लावू नका, काडतूस बदला. आणि काडतूस बदललं की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवर विश्वास ठेवू नका, नळीत आधीच्या ब्रँडचं मेण असतं ते जाऊन नवीन बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. झिरो त्यानंतर.

आता स्कोपच्या बाकी गोष्टी, पटापट.

काच ठीक. बारा पॉवरला कडा थोड्या दुधाळ होतात, संध्याकाळी जास्त. आठला स्वच्छ, आणि मी आता आठच्या वर जातच नाही त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न मिटला. उलट उभं राहून मारताना बारा पॉवरला स्वतःची थरथर एवढी मोठी दिसते की माणूस घाबरतो, आठला मन शांत राहतं.

पॅरलॅक्सची रिंग हा या स्कोपचा खरा गुण. मोठ्या रायफलींचे स्कोप बहुतेक १०० यार्ड किंवा त्याच्या पुढे पॅरलॅक्स बांधून येतात आणि ते पॉइंट टू टू वर लावले की २५-३० मीटरला डोकं जरा हललं तरी क्रॉस टार्गेटवरून सरकतो. इथे ती भानगड नाही. फक्त रिंगवरच्या आकड्यांवर जाऊ नका, माझ्या रिंगवर ५० लिहिलंय तिथे ५० मीटर स्पष्ट दिसत नाही, आकड्याच्या जरा पुढे जावं लागतं. डोकं वर-खाली करून बघायचं, क्रॉस जागेवर राहिला की तिथे पेन्सिलने खूण.

क्लिक ऐकू येतात, बोटाला मात्र मऊ लागतात, हातमोजे असतील तर मोजता येणार नाहीत. चौकोनाची चाचणी केली, २० वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि पाचवी गोळी पहिल्या भोकाला चिकटून. म्हणजे आतलं काम चोख आहे. टोप्यांचे आटे मात्र कच्चे, एक टोपी तिसऱ्या आठवड्यात तिरकी बसून अडकली, पकडीने काढावी लागली. एवढ्या चांगल्या टरेटवर असल्या टोप्या का बसवल्या देव जाणे.

स्कोप बसवताना एक काळजी घ्या जी ठिपकेवाल्या स्कोपला दुप्पट लागू होते. रेटिकल सरळ उभं हवं, ओळंब्याने बघून. क्रॉसने मारताना थोडं तिरकं असलं तर ५० ला कळत नाही, पण १०० चा ठिपका वापरून रायफल ५ अंश जरी कलली तरी गोळी साडेचार सेंटीमीटर बाजूला जाते, आणि आपण वाऱ्याला दोष देत बसतो. मी लांब एक दोरी टांगली, खाली नट बांधला, आणि उभी रेघ दोरीवर बसवली, मग रिंगांचे स्क्रू आवळले. आवळताना रेटिकल परत फिरलं, हे होतंच, परत सैल करून परत. वाऱ्यासाठी या रेटिकलमध्ये आडव्या खुणा नाहीत, ही कमतरता मला रोज जाणवते, अंदाजाने धरावं लागतं.

कुणी घ्यावा? ज्याचं एकच काडतूस ठरलेलं आहे, तीन-चार ठरावीक अंतरं आहेत, आणि एक सकाळ पुठ्ठ्यासमोर घालवायची तयारी आहे, त्याने जरूर. ज्याला सतत पॉवर कमी-जास्त करायची सवय आहे त्याने सरळ फर्स्ट फोकल प्लेनचा मिलवाला स्कोप बघावा, तिथे खुणा कुठल्याही पॉवरला खऱ्या असतात आणि हिशोबही सोपा, एक मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंटीमीटर, ५० ला ५. फक्त त्यात कमी पॉवरला रेटिकल केसासारखं बारीक होतं, सावलीत दिसत नाही, ते एकदा डोळ्यांनी बघूनच घ्या. आणि ज्याला फक्त ५० मीटर मारायचे आहेत त्याला ठिपक्यांची गरजच नाही, साधा क्रॉस घ्या, उरलेल्या पैशांची काडतुसं आणा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा टोप्यांचा कापला, एक त्या डब्यावरच्या ओळीचा. यार्ड, हाय व्हेलॉसिटी, बारा पॉवर हे तीन शब्द मोठ्या अक्षरात छापले असते तर साडेचार दिले असते.

हां, आणि पॉवरच्या रिंगवर ८ पाशी पांढऱ्या करेक्शन पेनने जाड रेघ मारून ठेवा. मी मारलेली नव्हती. मागच्या रविवारी मित्राने मेंढ्यांच्या वेळी रायफल मागितली, मी कार्ड दाखवलं, शंभरचा ठिपका मधोमध धर म्हणून सांगितलं, त्याने मान डोलावली आणि नेम धरता धरता, मोठं दिसावं म्हणून, सवयीने रिंग बारावर नेली. पाच गोळ्या, पाचही मेंढ्यांच्या पोटाखालून, मागच्या मातीत एका ओळीत धूळ उडाली. मेंढे जागच्या जागी. तो माझ्याकडे बघतोय, मी स्कोपकडे बघतोय, आणि शेजारच्या लेनमधून काका म्हणाले, "पॉवर किती आहे रे?"